रक्त ‘नॉर्मल’, पण गाठीचे काय?

“डॉक्टर, रक्त तर नॉर्मल आहे, मग गाठ कशाला कापायची?” हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी ऐकावा लागतो. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ महिनाभर टिकली, जोडीला ताप, रात्री दरदरून घाम आणि वजनात घट असेल, तर लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची शंका घ्यावीच लागते. या रोगात रक्ताची साधी तपासणी पुष्कळदा निर्दोष येते. ईएसआर वाढतो, पण तो क्षयातही वाढतो. एलडीएचवरून रोगाच्या जोराचा अंदाज येतो, निदान होत नाही.

खरे निदान गाठ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच होते. कापल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. आपल्याकडे क्षयाच्या गाठी अधिक, म्हणून पुराव्याविना क्षयाची औषधे सुरू करण्याची घाई होते. माझ्या मते ही घाई घातक आहे; त्यात मोलाचे महिने वाया जातात. डॉ. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णिलेला प्रकार तर वेळेवर सापडल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. तेव्हा वाचकहो, रक्ताच्या रिपोर्टवर समाधान मानू नका. गाठ तपासून घ्या.