एका तळटिपेचे महापुराण

विलायतेत कुणी आपल्या शास्त्रांचे नाव घेतले की आपला ऊर भरून येतो. मग त्या नावाखाली माल कोणता आहे, हे पाहण्याची शुद्ध राहत नाही. ही आपली जुनी खोड. तिच्याविरुद्धच मला चार शब्द लिहायचे आहेत. निमित्त आहे ‘येस’ या इंग्रजी वाद्यवृंदाच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ या १९७३ सालच्या दुहेरी ध्वनिमुद्रिकेचे. प्रोग्रेसिव्ह रॉक नावाच्या संप्रदायात तिचे मोठे प्रस्थ आहे. आमच्या घरातल्या तरुण मंडळींनी ती भक्तिभावाने आणली आणि ‘काका, यात श्रुती, स्मृती, पुराणे, तंत्र, सगळे आहे’ असे म्हणून मला समोर बसवले. ऐंशी मिनिटे मी बसलो. इतकी निराशा बऱ्याच वर्षांत वाट्याला आली नव्हती.

या शास्त्रचर्चेचे मूळ मोठे मौजेचे आहे. १९७३ च्या मार्चमध्ये या मंडळींचे गायक जॉन अँडरसन टोकियोच्या हॉटेलात परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र वाचत होते. त्यात शास्त्रांचे चार भाग सांगणारी एक तळटीप आहे. झाले! चार शास्त्रे आणि दोन तबकड्यांच्या चार बाजू, हिशेब जुळला. रेशनच्या दुकानात माणशी साखर मिळावी, तशी श्रुतीलाही वीसेक मिनिटे आणि तंत्रालाही वीसेक मिनिटे! एकेका शाखेच्या अध्ययनात उमेदीची वर्षे घालवणारे वेदमूर्ती आमच्या नाशकाने पाहिले आहेत. त्यांनी हसावे की रडावे?

यावर आमचा भाचा म्हणतो, ‘तासभर विलंबित ख्याल ऐकताना तुम्ही घड्याळ पाहत नाही, मग इथेच का?’ प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. ख्यालात पुढची जागा मागच्या जागेतून उगवते. षड्जाशी थांबलेला गवई गंधाराची वाट पाहायला लावतो, आणि तो गंधार लागला की सभा मान डोलावते. याला विस्तार म्हणतात. या तबकडीत एक तुकडा संपतो, दुसरा येऊन बसतो. पहिल्याची दुसऱ्याशी ओळखही नसते. ही नुसती लांबण. पिंपळपारावर पाडव्याच्या पहाटे गाणे ऐकणाऱ्या नाशिककराला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही.

आणि या मंडळींना विस्तार साधत नाही असेही नाही. १९७२ सालच्या ‘क्लोज टु द एज’मधले त्यांचे अठरा मिनिटांचे गीत ऐका, त्यातले एक मिनिट काढावेसे वाटत नाही. या दुहेरी तबकडीतही तिसऱ्या बाजूच्या शेवटी स्टीव्ह हाउ यांची साधी गिटार वाजते, तेव्हा कान तृप्त होतात. पण चिवड्यातल्या काजूसाठी किती पोहे चावायचे? त्यांचे कीबोर्डवादक रिक वेकमन यांनाही हे पचले नाही. भर कार्यक्रमात त्यांनी रंगमंचावर बसून करी खाल्ली, आणि १९७४ मध्ये ते बाहेर पडले!

कुणी म्हणेल, तबकडीच्या मापाला कलावंत काय करणार? मग दत्तात्रेय विष्णु पलुसकरांकडे पाहा. त्यांचे बालपण याच नाशकात गेले, आणि १९५५ साली ऐन उमेदीत ते गेले. त्यांच्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात त्यांनी राग उभा केला, भजन उभे केले, आणि ऐकणाऱ्याला काही राहून गेले असे वाटू दिले नाही. तबकडीने बांधले दोघांनाही. बापूरावांनी छाटले, यांनी भरले.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, गाण्याच्या अंगावर शास्त्राची शाल दिसली म्हणून उठून नमस्कार करू नका. आधी ते गाऊ द्या. पाक बिघडला की लाडू कितीही मोठा वळला तरी तो बिघडलेलाच. आणि त्याला ‘श्रुती’ हे नाव दिल्याने तो प्रसाद होत नाही. हा न्याय विलायतेच्या मालाला लावा, तसाच आपल्याकडे संस्कृत नावांखाली तासन्‌तास चालणाऱ्या ‘फ्यूजन’लाही लावा. यंदा घरात एखादी जुनी तीन मिनिटांची तबकडी लावून पाहा. मुलांनाही सोबत बसवा. त्यांचे कान आपल्याला वाटतात तेवढे बिघडलेले नाहीत. त्यांना मोठे काय आणि लांब काय, हे कुणी सांगितलेले नाही, एवढेच.