घाणीचं काम आणि ‘घाणेरडे’ दात

सरकारी दवाखान्याच्या दंत विभागात डॉक्टरांनी त्यांना तोंड उघडायला सांगितलं. जेमतेम दोन बोटं जातील एवढंच उघडलं. “पुडी किती वर्षं खाता?” “पंधरा-सोळा.” “दारू?” ते गप्प. केसपेपरवर काहीतरी खरडलं गेलं. “हे सगळं तुम्हीच करून घेतलंय,” एवढं ऐकून आम्ही बाहेर आलो. तुम्ही काम काय करता, हे कुणी विचारलं नाही.

ते ड्रेनेज लाइनवर कंत्राटी कामगार आहेत. माझं पीएचडीचं काम शहरी सफाई कामगारांवर आहे म्हणून मी सोबत होते. बाहेर पायरीवर बसल्यावर म्हणाले, “ताई, चेंबरचं झाकण उघडलं की जो वास येतो तो नाकात नाही, जिभेवर बसतो. पुडी असली की थुंकून तरी टाकता येतो. आणि दारूचं म्हणाल तर शुद्धीत कोण उतरेल त्यात?”

त्यांचं हे वाक्य केसपेपरवर असायला हवं होतं. वैद्यकीय भाषेत याला ‘व्यावसायिक इतिहास’ म्हणतात आणि तो घ्यायचा असतो. पण भंगी, मेहतर, वाल्मीकी, रुखी, मेघवाळ, मादिगा, महार, मांग अशा जातींतून आलेल्या माणसाचं काम म्हणजे त्याचा स्वभावच असं गृहीत धरलं की विचारण्यासारखं काही उरत नाही. केंद्र सरकारच्याच ‘नमस्ते’ योजनेत गटार आणि सेप्टिक टँक कामगारांची जी नोंदणी झाली, त्यात सुमारे ९२ टक्के लोक अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींतले निघाले. एकट्या अनुसूचित जातींचे दोन-तृतीयांशांहून जास्त. ज्या कामाची भरती जात बघून होते, त्या कामातून लागणारं व्यसन मात्र ‘वैयक्तिक सवय’ ठरतं.

तोंड का उघडत नाही ते आधी सांगते. गुटख्यातला खरा खलनायक तंबाखूइतकीच सुपारी आहे. सुपारीतल्या रसायनांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल आतून दोरीसारखा ताठ होतो, तिखट खाल्लं की आग होते आणि तोंड हळूहळू मिटत जातं. ब्रश मागच्या दाढांपर्यंत पोचत नाही, म्हणून त्या किडतात. डॉक्टरचं यंत्रही पोचत नाही, म्हणून त्या वाचवता येत नाहीत. यातल्या काही जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पुडी टपरीवर मिळते, हे टपरीवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

बायकांची गोष्ट वेगळी. झाडूवाल्या, कचरा वेचणाऱ्या कितीतरी जणी मशेरी लावतात. भाजलेली तंबाखू हिरड्यांवर घासली की दुखणं बधिर होतं आणि पहाटेच्या पाळीआधी भूकही मरते. दात दुखतो म्हणून मशेरी, मशेरीने हिरडी सुटते, हिरडी सुटली म्हणून दात हलतो आणि दुखतो, म्हणून पुन्हा मशेरी. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेतात. या आकड्याकडे मी व्यसनाचा आकडा म्हणून पाहतेच, पण ज्यांना दंतवैद्य परवडत नाही त्यांच्या वेदनाशामकाचा आकडा म्हणूनही पाहते.

आता मनाच्या आजाराकडे. रोज विष्ठेत हात घालणाऱ्या, वस्तीबाहेर नाव न सांगता जगणाऱ्या माणसाला नैराश्य आलं तर त्यात नवल काय? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की दारूच्या व्यसनाचा आजार असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक लोकांना उपचारच मिळत नाहीत. जे मोजके लोक मनोविकार ओपीडीपर्यंत पोचतात, त्यांना गोळ्या मिळतात. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. अमिट्रिप्टिलीन घ्या, किंवा मनोविकाराच्या औषधांसोबत सरसकट लिहून दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल घ्या. लाळ ही दातांची रोजची पहारेकरी. ती आटली की वर्षा-दोन वर्षांत दात मुळाशी किडू लागतात. कोरडेपणावर माणूस गोड चहा पितो, गोळ्या चघळतो, आणि कीड वाढते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की तीव्र मानसिक आजार असलेल्यांचे सगळेच्या सगळे दात जाण्याची शक्यता इतरांच्या सुमारे तिप्पट असते. गोळी लिहून देणाऱ्याने “तोंड कोरडं पडेल, घोट घोट पाणी पीत राहा, फ्लोराइडची पेस्ट वापरा” एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. माझ्या फील्डवर्कमध्ये हे अर्धं मिनिट मिळालेला एकही माणूस मला भेटला नाही.

उलट दिशेनेही धोका आहे, आणि तो जीवावर बेतू शकतो. दाढ सुजली की आपल्याकडे मेट्रोनिडाझोल सर्रास दिलं जातं. दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्या माणसाला ते दिलं तर भ्रम, गोंधळ, वेड लागल्यासारखी अवस्था येऊ शकते. लिथियम घेणाऱ्याला दातदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिलं तर रक्तातलं लिथियम विषारी पातळीपर्यंत चढू शकतं. म्हणून दंतवैद्याला रुग्णाने सगळं सांगायला हवं. पण कोण सांगेल? आडनाव सांगितल्यावर खुर्चीतला स्पर्श बदलतो हे ज्याने अनुभवलंय, तो ‘मी वेड्याच्या गोळ्या खातो’ आणि ‘दारू सोडायच्या गोळ्या खातो’ हे वरून जोडणार नाही. तो काहीच चालू नाही म्हणतो. हे लपवणं दवाखान्यानेच शिकवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट व्यसनमुक्तीवाले क्वचितच बोलतात. दारू आणि अफूजन्य पदार्थ दुखणं दाबतात. माणूस थांबला की वर्षानुवर्षं झोपलेल्या दाढा एकदम जाग्या होतात. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत झोप नाही, हात थरथरतात, त्यात ठणका. दातदुखीने कंटाळून पुन्हा बाटलीकडे गेलेल्या माणसाला आपण ‘इच्छाशक्ती नाही’ म्हणतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञाइतकीच दाढ बघणाऱ्याची गरज होती.

इथे आपल्या चळवळीलाही थोडं बोलायला हवं. पंचशीलातलं पाचवं शील आणि बावीस प्रतिज्ञांमधली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपल्यासाठी स्वाभिमानाची बाब आहे, आणि दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या बायकांनी ती जास्त खरेपणाने सांभाळली आहे. मला ती सैल करायची नाही. पण जयंतीच्या व्यासपीठावरून ‘दारुड्यांनी समाजाचं नाव घालवलं’ असं बोललं जातं तेव्हा पुढे बसलेला ड्रेनेजवाला मान खाली घालतो आणि तोंडावर रुमाल धरतो. आपले तरुण चांगल्या नोकरीत गेले की आधी दात पांढरे करून घेतात. ते का, हे आपल्याला कळतं. लाल-काळे दात ही वस्तीची खूण झाली आहे आणि मुलाखतीच्या खोलीत ती जातीच्या दाखल्याआधी वाचली जाते.

कायदा काय म्हणतो? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारातच धरल्या आहेत, आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला शारीरिक आजारवाल्याच्या बरोबरीने वागवावं असं तो सांगतो. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच्याही कितीतरी आधीपासून. अनेक ठिकाणी दोन्ही विभाग एकाच इमारतीत बसतात. एकाची चिठ्ठी दुसऱ्याकडे जात नाही. व्यसनमुक्तीच्या ओपीडीत पहिल्या दिवशी तोंड तपासणं, कोरडेपणाच्या गोळ्या घेणाऱ्याला फ्लोराइड लावणं, महापालिकेच्या वार्षिक तपासणीत कंत्राटी कामगारासकट प्रत्येकाचं तोंड आणि मन दोन्ही बघणं, आणि तेही पाळीच्या वेळेत, मजुरी न कापता, यासाठी नवीन कायदा लागत नाही.

पैशाचं मात्र लागतं. ‘नमस्ते’ योजनेत गटार कामगाराला आयुष्मान कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतचं. ते रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दाढ भरणं, रूट कॅनल, कवळी त्यात बसत नाही. तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया बसते. म्हणजे दात वाचत असतो तेव्हा तो माणसाचा खासगी प्रश्न असतो. जबडा कापायची वेळ आली की सरकार येतं. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, बहुतेक खासगी. तिथल्या विद्यार्थ्यांना दात उपटण्याचा सराव करायला आपल्याच वस्तीतली माणसं लागतात.

मी ज्यांच्यासोबत गेले होते त्यांच्या चार दाढा काढायला सांगितल्या आहेत. त्यांनी कवळीचं विचारलं. राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना कवळी मोफत मिळते, हे मी त्यांना सांगितलं. त्यासाठी वय साठ पूर्ण लागतं. त्यांचं वय ४३ आहे. “साठीपर्यंत कोण राहतंय, ताई, आमच्या लाइनीत,” म्हणाले, आणि पाळीची वेळ झाली म्हणून उठले.