वॉरंटी संपली, मग कुलूप का नाही?

संगणक घ्यायचा म्हटलं की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जायचा. 'कंपनीचा घेणार की असेंबल्ड?' कंपनीचा म्हणजे तयार, सीलबंद, वॉरंटीच्या कागदासकट आलेला. असेंबल्ड म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून कुणा ओळखीच्या मुलाने जोडून दिलेला. प्रतिष्ठेला जपणारे कंपनीचा घेत, हिशेबी माणसं असेंबल्ड. दोघंही त्या अख्ख्या खोक्याला 'सीपीयू' म्हणत, ही गंमत वेगळीच. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या खोक्याच्या पोटात काडेपेटीएवढी जागा अडवून बसलेला असतो.

आज लिहायचंय ते त्या कंपनीच्या जुन्या खोक्यांबद्दल. ती स्वस्तात मिळवायची, उघडायची, आत फेरफार करायचे आणि कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायची, असा एक छंद जगभर आहे. त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पोरांचा खेळ म्हणून आपण त्याकडे दुर्लक्ष करतो. (पोरांचा म्हणतोय खरा, पण या पोरांत सत्तरी ओलांडलेला, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला एक निवृत्त मास्तरही आहे. घरच्यांना तो कोण ते माहीत आहेच :) )

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. भजनात जसा टाळेचा ठेका, तसा प्रोसेसरला एक ठोका लागतो. मदरबोर्ड एक मूळ ठोका देतो आणि प्रोसेसर त्याला ठरावीक आकड्याने गुणतो. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३० असेल, तर वेग झाला ३००० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३ गिगाहर्ट्झ. वेग वाढवायचा तर ठोका वाढवा किंवा गुणक वाढवा. चौथीच्या मुलालाही समजेल एवढंच त्यातलं गणित आहे. बाकी सगळी लढाई कुलपांशी.

ही लढाई जुनी आहे. आयबीएमने १९८४ साली 'पीसी एटी' हा संगणक आणला. वेग ६ मेगाहर्ट्झ. ठोका देणारा क्रिस्टल सहज काढता-घालता येत होता. उद्योगी लोकांनी तो काढून जास्त वेगाचा बसवला आणि तेच यंत्र ८ मेगाहर्ट्झने पळू लागलं. मग पुढे आयबीएमने बायोसमध्ये वेग तपासणारा चौकीदार बसवला. वेग जास्त दिसला की संगणक सुरूच होणार नाही! म्हणजे कंपनीच्या तयार संगणकाला कुलूप आणि ते उघडणारे छांदिष्ट, ही जोडी चाळीस वर्षांपासूनची.

नंतरचं गाजलेलं उदाहरण १९९८ सालचं. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा गरिबांचा प्रोसेसर. ६६ चा ठोका, साडेचार हा गुणक, वेग ३००. बऱ्याच लोकांना आढळलं की ठोका १०० केला तर हा पठ्ठ्या ४५० वर मजेत चालतो, आणि त्या वेळच्या कितीतरी महागड्या प्रोसेसरच्या तोडीस तोड काम करतो. तोपर्यंत इंटेलने गुणकाला कुलूप लावलं होतं, पण ठोका मोकळा राहिला होता.

कुलूप लावण्यामागे कंपन्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. त्या काळात काही व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकत. गिऱ्हाईक फसे आणि बदनामी कंपनीची होई. शिवाय वेग वाढवून यंत्र तापलं, बिघडलं, तर वॉरंटीत भरून द्यायचं कुणी? त्यामुळे कंपनीच्या तयार संगणकात बायोसमधून वेगाचे पर्याय गायबच केलेले असत. असेंबल्डवाल्याला ते मिळत, कंपनीचा घेणाऱ्याला नाही. जास्त पैसे मोजणाऱ्याच्या हाती कमी किल्ल्या!

पण छांदिष्टांनी यावरही तोड काढली. २००७ सालच्या सुमाराचे इंटेलचे प्रोसेसर खालून पाहिले तर सोनेरी ठिपक्यांची रांगोळी दिसते. त्यातले दोन-तीन ठिपके मदरबोर्डला सांगतात, 'मला २०० चा ठोका दे.' नेमक्या ठिपक्याचा संकेत बदलला, की मदरबोर्डला वाटतं प्रोसेसर २६६ मागतोय. पेन्टियम ई२१४० नावाच्या प्रोसेसरचा गुणक ८. म्हणजे १.६ गिगाहर्ट्झचा तो थेट २.१३ वर जातो, मदरबोर्डला तो ठोका झेपत असेल तर. बायोसला हात न लावता एक तृतीयांश वेग जास्त. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला एकदम वर्गातली हुशार, वांड मुलं आठवली. शिक्षा करावी की पाठ थोपटावी, असा पेच पाडणारी.

२०११ मध्ये मात्र इंटेलने ही वाट जवळजवळ बुजवली. मूळ ठोक्याला बाकीचे बरेच भाग बांधून टाकले. तो चार-पाच टक्क्यांपलीकडे वाढवला की बाकीचे भाग कुरकुरतात. मोकळा गुणक हवा तर नावात 'के' अक्षर असलेला महाग प्रोसेसर घ्या, आणि तसा मदरबोर्डही. कचेरीतल्या तयार संगणकात असलं काही नसतंच. तेव्हा त्यानंतरच्या खोक्यांत निव्वळ वेग वाढवण्याला फारसा वाव उरला नाही. छंद मात्र थांबला नाही. तो रॅम, डिस्क, पंखा, हीटसिंक, वीजपुरवठा यांच्याकडे वळला. माझ्या मते हे चांगलंच झालं.

कारण वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसरला लागणारी वीज ही ठोक्याच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढवला आणि तो पेलायला व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे १.३३. वेग दहा टक्के आणि उष्णता तेहतीस टक्के! आपल्या नाशिकला एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हा व्यवहार कसा पडेल ते सांगायला नको. भांडी बाजारातल्या कुणालाही विचारा, तांबं उष्णता झटकन पसरवतं. ॲल्युमिनिअमच्या सुमारे पावणेदोन पट. म्हणूनच चांगल्या हीटसिंकच्या तळाशी तांबं असतं. पण जुन्या खोक्यात पहिला इलाज त्याहून सोपा आहे. धूळ झाडणं आणि वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलणं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करतो. धूळ झाडली की हरवलेला वेग फुकट परत मिळतो.

दुसरा हिशेब त्याहून डोळे उघडणारा आहे. जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद. डोकं जागेवर सरकायला आणखी सात-आठ. एकूण धरा बारा. तेवढ्या वेळात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ३ कोटी ६० लाख ठोके पडतात. त्या माहितीवाचून काम अडलं असेल, तर ते नुसते वाट पाहण्यात जातात. आता या प्रोसेसरला दहा टक्के पळवा. तीच वाट तो ३ कोटी ९६ लाख ठोके मोजत पाहील! याउलट डिस्क काढून एसएसडी लावली, की तीच माहिती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात मिळते. अडलंय कुठे ते आधी शोधा, मग तिथेच जोर लावा, हे या छंदाने मला शिकवलं. तीस-बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून 'ढ' ठरवलेल्या मुलांच्या बाबतीत हेच मी सहकाऱ्यांना सांगत आलो. असो. हे विषयांतर झालं.

तर आता मूळ मुद्दा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची फुकट देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. (घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ जाहीर झाली, पण ती मुदतवाढच.) आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे हवा टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि इंटेलच्या बाबतीत ढोबळ मानाने आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा प्रोसेसर. याचा अर्थ, २०१६ सालचा धडधाकट संगणक एका तारखेला म्हातारा ठरला. यंत्र काल चालत होतं तसंच आजही चालतंय. तारीख बदलली फक्त.

माझ्या टेबलावर २०१४ सालचा, कुठल्याशा कचेरीतून बाद झालेला कंपनीचा खोका आहे. मागे एकदा तो हळू झाला म्हणून दुरुस्ती केंद्रात नेला. तिथल्या मुलाने झाकणही न उघडता सांगितलं, "काका, याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या." घरी आणून मीच उघडला. चारची रॅम आठ केली, एसएसडी लावली, पेस्ट बदलली आणि लिनक्स टाकलं. हे सगळं आज त्याच्यावरच लिहितोय. प्रोसेसरचा वेग एक ठोकाही वाढवलेला नाही.

पण वीजपुरवठ्याचा डबा बदलायचा विचार केला तेव्हा अडलो. सगळीकडे चालणारा प्लग २४ पिनांचा, माझ्या खोक्यात मात्र कंपनीचा खास ८ पिनांचा. बाजारातला साधा एसएमपीएस थेट लागतच नाही. काही जुन्या लॅपटॉपांमध्ये तर कंपनीने मान्य केलेलं वायफाय कार्ड नसेल तर यंत्र सुरू व्हायला नकार देतं. यात सुरक्षा कुठली आणि गिऱ्हाइकाचं हित कुठलं?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. वॉरंटी असेपर्यंत कुलूप ठेवा, जोखीम तुमची आहे. वॉरंटी संपली की जोखीम माझी. मग कुलूपही संपायला हवं. प्रोसेसरमधलं कुलूप कारखान्यातच पक्कं केलेलं असतं, ते मागाहून निघणार नाही, हे मला कळतं. पण बायोसमधली बंधनं काढता येतात. प्लगची माहिती खुली करता येते. पासवर्ड विसरलेल्या मालकाला खात्री करून घेऊन वाट दाखवता येते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू केलं. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळाव्यात हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. त्याला ही एवढी ओळ जोडली जावी असं वाटतं.

यावर आक्षेप येतील, आमच्या घरातूनच येतात. जुना संगणक वीज जास्त खातो, हा पहिला. खरं आहे. नव्यापेक्षा ५० वॅट जास्त खाल्ले, रोज सहा तास, वर्षाचे ३०० दिवस, तर ९० युनिटं झाली. युनिटला दहा रुपये धरले तरी ९०० रुपये. नवा संगणक एवढ्यात येत नाही. पण २००४-०५ सालचा शंभर वॅट खाणारा पेन्टियम ४ कुणी रोज चालवत असेल, तर त्याला मी स्वतः सांगेन की बाबा रे, आता पुरे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. तोही खरा. म्हणून एक नियम सगळ्यांनी पाळावा. खोकं खुशाल उघडा, पण आधी वायर काढा, आणि आतला एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात घातक दाब साठून राहू शकतो. आणि जी विंडोज आता दुरुस्त होत नाही, तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नका.

तिसरा आक्षेप, 'एवढा खटाटोप कशाला? टाकून द्या.' टाकायचं कुठे? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण दारावर येणारा भंगारवाला त्या साखळीत बहुधा नसतोच. वायरीतलं तांबं काढायला तो त्या जाळतो आणि धूर आपल्याच गावात राहतो. खरोखर संपलेलं यंत्र अधिकृत केंद्रातच द्यावं. पण ते संपलंय की नाही, हे झाकण उघडून ठरवावं.

नातेवाईक मंडळींना शेवटी एक विनंती. सुट्टीत मुलं घरी आली की माळ्यावरचा जुना खोका खाली काढा आणि त्यांच्या हाती फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर द्या. मोडलं तर आधीच टाकायला निघालेलं मोडलं. सुरू झालं, तर त्यातली आपली माहिती नीट पुसून एखाद्या शाळेला विचारा. मुलांना लिहायला, वाचायला, गणितं करायला त्याचा वेग अजूनही भरपूर आहे. कुणाला पेस्ट लावायची माहिती हवी असेल तर मला दुपारी चारनंतर फोन करा. त्याआधी मी झोपलेला असतो.