तीन महिन्यांनंतरची बाटली

२१ नोव्हेंबरला पुरुष नसबंदी पंधरवडा सुरू होतो आणि ४ डिसेंबरला संपतो. दरवर्षीची पोस्टरे यंदाही लागतील: बिनटाका, बिनचिरा, दहा मिनिटांत घरी. बिनटाका हे खरे आहे, बिनचिरा हेही जवळजवळ खरे. भांडण आहे ते दहा मिनिटांशी. शस्त्रक्रिया तेवढ्या वेळात उरकते हे मान्य, पण माणूस नसबंद व्हायला तीन महिने लागतात आणि झाला की नाही हे कळायला त्यानंतरचा एक रिपोर्ट लागतो. पोस्टरवर तीन महिन्यांना जागा नसते. आपल्या दवाखान्यात तरी ती असावी, एवढेच या महिन्याचे म्हणणे आहे.

आपले बरेच वाचक झाशी-ग्वाल्हेरच्या पट्ट्यात प्रॅक्टिस करतात, म्हणून उदाहरण तिकडचेच घेतो. झाशीहून कानपूरकडे निघाले की चिरगाव ओलांडल्यावर मोठ लागते. इतिहासाची आवड असणाऱ्यांना नाव ठाऊक असेल. अठराव्या शतकात राजेंद्रगिरी गोसाव्याने इथे ठाण मांडले होते आणि त्याला हुसकावले ते नारोशंकराने. होय, नाशिकच्या घंटेवाल्यानेच. आज मोठ हे तहसिलीचे गाव आहे आणि आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयासारखे तिथे सामुदायिक स्वास्थ्य केंद्र आहे. आपल्याकडच्या आशाताईचे काम तिकडे ‘आशा बहू’ करते. नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषाला उत्तर प्रदेशात तीन हजार रुपये मिळतात, बाईला दोन हजार. पुरुषाला पैसे जास्त, त्रास कमी, धोका कमी, आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) उत्तर प्रदेशात स्त्री नसबंदी सतरा टक्क्यांच्या आसपास आणि पुरुष नसबंदी ०.१ टक्का. हसण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या जोडप्यांत बाईचे ऑपरेशन झालेले आहे आणि पुरुषांचा आकडा अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोचत नाही. गडचिरोलीसारखा जिल्हा या बाबतीत राज्याच्या कितीतरी पुढे राहत आला, त्याला आपण पुण्या-मुंबईत बसून मागास म्हणत असतो.

आता मोठचे कॅलेंडर बघा. नोव्हेंबरअखेर गहू-वाटाण्याच्या पेरणीची धांदल ओसरलेली असते. पुरुष जरा मोकळा असतो, थंडीत जखम लवकर भरते असा समजही असतो, म्हणून तो तयार होतो. शस्त्रक्रिया झाली, दोन-चार दिवस गेले, की ज्याची शेती पोटापुरती नाही तो दिल्लीची नाहीतर सुरतेची गाडी धरतो. वीर्यतपासणीची तारीख येते मार्चच्या पहिल्या आठवड्यात. घरी असलेला माणूस तेव्हा वाटाणा-मोहरीच्या काढणीत असतो आणि गेलेला माणूस परगावी. त्याच्या कार्डावर ‘तीन महिन्यांनी या’ एवढेच लिहिलेले असते. तो येत नाही.

तो न आल्याने काय बिघडते? शुक्रवाहिनी बांधली तरी बांधलेल्या जागेच्या पुढे, वरच्या भागात, आधीचे शुक्रजंतू उरलेलेच असतात. ते निघून जायला वेळ लागतो. या काळात निरोध वापरायचा किंवा बाईने एखादे साधन सुरू ठेवायचे, हे त्याला सांगितलेले असते. पण ऑपरेशन झालेल्या नवऱ्याला निरोध वापरायला सांगणे म्हणजे कुलूप लावल्यावर दाराशी राखण बसवण्यासारखे त्याला वाटते. मग दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस जातात. पुढे काय होते ते आपल्यापैकी खेड्यात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. ऑपरेशन अर्धवट राहिले असेल अशी शंका कोणालाच येत नाही, संशय सगळा बायकोवर जातो. सासू बोलते, भावकी बोलते, आणि ती बिचारी गप्प बसते, कारण तिच्याकडे दाखवायला कागद नसतो. आपण जो रिपोर्ट ‘फॉलोअप’ या सदरात टाकून मोकळे होतो तो खरे तर तिच्या चारित्र्याचा दाखला होऊन बसतो. इतके मोठे ओझे एका कागदावर पडू नये, पण पडते, आणि म्हणून तो कागद झालाच पाहिजे.

शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत शुक्रजंतू नाहीत असे दिसल्यावरच नसबंदीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही अपयश शून्य होत नाही. दोन हजारांत एखाद्या वेळी, काही वर्षांनी सुद्धा, वाहिनीची तोंडे पुन्हा जुळतात. हे संमतिपत्रावर सही घेण्याआधी तोंडाने सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली पंजाब सरकार विरुद्ध शिवराम या खटल्यात नसबंदी फसली एवढ्यावरून डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही असे म्हटले, ते खरे. पण कोर्टात वाचलेला डॉक्टर गावात वाचतोच असे नाही.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल. आपल्यातले बहुतेक जण ती करत नाहीत, पाठवतात. पाठवणाऱ्याला तिथे काय होते हे नीट ठाऊक असेल तरच रुग्णाच्या प्रश्नांना उत्तरे देता येतात. बिनटाक्याची पद्धत चीनमधल्या सिचुआन प्रांतात डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये बसवली. भारतात ती नव्वदच्या दशकात आली आणि दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेजचे डॉ. आर. सी. एम. काझा यांनी तिचे प्रशिक्षण देशभर नेले. प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर ती करू शकतो. दोन हत्यारे महत्त्वाची: टोकाला गोल कडी असलेला चिमटा आणि टोकदार वाकडा चिमटा. वृषणकोशाच्या मधल्या रेषेवर भूल देतात, अॅड्रेनालिन नसलेल्या लिग्नोकेनची. सुई टोचते तेवढे दुखते. मग कडीने वाहिनी कातडीसकट पकडायची, टोकदार चिमट्याने भोक पाडून ते रुंदवायचे, वाहिनीचा वेढा बाहेर काढायचा, दोन्हीकडे रेशमाने बांधून मधला सेंटिमीटरभर तुकडा काढायचा आणि एका टोकावर तिचेच आवरण ओढून घ्यायचे. या आवरणाचा कंटाळा काही जण करतात. करू नये. ते घातल्याने अपयश जवळपास निम्म्यावर येते हे मोठ्या चाचणीत दिसले आहे. दुसरी बाजू त्याच भोकातून.

वाहिनी ओढली जाते तेव्हा ओटीपोटात, जांघेत एक विचित्र ओढ जाणवते. काहींना घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे आधी सांगितलेला माणूस दात आवळून पडून राहतो, न सांगितलेला टेबलावर उठून बसतो. म्हणून सकाळी हलके खाऊन यायला सांगावे. त्या भागाचे केस काढून आंघोळ करून यावे, लंगोट किंवा घट्ट चड्डी बरोबर आणावी आणि सोबत कोणी असावे. आणखी एक गोष्ट पंधरवड्याच्या तारखा ठरवणाऱ्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. थंडीत वृषणकोश आक्रसतो आणि आक्रसलेल्या कातडीत वाहिनी चिमट्यात धरणे हे निष्णात हातालाही जड जाते. बुंदेलखंडातली डिसेंबरची सकाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको. शस्त्रक्रियागृहात शेगडी नाहीतर हीटर ठेवा आणि स्वच्छतेचे द्रावण कोमट करून वापरा. या किरकोळ वाटणाऱ्या तयारीने पाच-सात मिनिटे वाचतात आणि रुग्णाचा त्रासही.

नंतर अर्धा-पाऊण तास झोपवून ठेवायचे आणि घरी पाठवायचे. दोन दिवस आराम. जखम चोवीस तास कोरडी. लंगोट किमान अठ्ठेचाळीस तास, त्यानंतरही आधार वाटेल तोवर. हलकी कामे दोन दिवसांनी, सायकल आणि पोती उचलणे आठवडाभराने. संबंध दोन-तीन दिवसांनी, अर्थात निरोध लावूनच. थोडे काळेनिळे पडणे, थोडा ठणका, यांना घाबरायचे कारण नाही. सूज वाढतच गेली, ताप आला, पू किंवा रक्त आले, तर मात्र त्याच दिवशी यायचे. शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला आत रक्त साकळते किंवा पुढे बरेच महिने दुखत राहते. हे लपवू नका. ‘काहीच होत नाही’ हे वाक्य ज्याला दुखले त्याने गावभर खोटे ठरवलेले असते.

‘ताकद जाईल का’ हा प्रश्न विचारला जाईलच. तो न विचारणाऱ्यालाही तोच पडलेला असतो. पुरुषी संप्रेरक रक्तातून जाते, वाहिनीतून नाही. आणि वीर्याचा फार थोडा भाग शुक्रजंतूंचा असतो, त्यामुळे प्रमाणात फरक कळतही नाही. एवढे दोन-तीन वाक्यांत सांगता येते. मात्र शस्त्रक्रिया कायमची आहे हेही त्याच दमात सांगा. वाहिनी पुन्हा जोडता येते, यशाची हमी देता येत नाही. नियमाप्रमाणे जोडप्याला एक वर्षावरचे किमान एक मूल असले की पुरेसे आहे आणि बायकोची संमती लागत नाही; पण तीन महिन्यांची गोष्ट तिलाही कळायला हवी, म्हणून तिला बोलवा.

आपली खरी चूक याच्याही आधी होते. दोन मुले झाली, बाई तपासायला आली, की आपण तिलाच विचारतो, ‘ऑपरेशन कधी करताय?’ नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो. त्याला आत बोलावत नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत ३५ टक्के पुरुषांनी गर्भनिरोध हा बायकांचा प्रश्न असल्याचे मान्य केले. डॉक्टरांची वेगळी पाहणी केली असती तर आकडा फार निराळा आला असता असे वाटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम ‘कोयता’ म्हणून मोजतो. दोघांपैकी बाई ऑपरेशनने पडली तर पोट उघडलेले असते आणि विश्रांती लांबते. नवऱ्याची दोन दिवसांत भागते. हा हिशोब त्यांना समजतो, पण मांडून दाखवणारे कोणी नसते. आणि पोट उघडण्याची किंमत काय असू शकते ते नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरने दाखवले. एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशने झाली आणि त्यानंतर त्या भागातल्या शिबिरांतल्या तेरा जणी दगावल्या. देविका बिस्वास खटल्यात सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचे आदेश दिले ते या पार्श्वभूमीवर.

पुरुष दूर का गेले याचे उत्तर आपल्या पिढीला ठाऊक आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले तेव्हा लोक हसले. साठच्या दशकात मुंबई महापालिकेचे डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे उघडली तेव्हा लोक आले. आज विश्वास बसणार नाही, पण त्या काळात ऑपरेशन म्हणजे पुरुषाचेच असे समीकरण होते. ते आणीबाणीतल्या १९७६-७७ च्या एका वर्षाने मोडले. देशात ८२ लाखांवर नसबंद्या, त्यांतले ६२ लाख पुरुष. मुझफ्फरनगर आणि सुलतानपूरला गोळीबार. आणि आपल्या विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच मंजूर केले, राष्ट्रपतींची मोहोर उठली नाही म्हणून वाचलो. पुढच्या वर्षी देशाचा आकडा दहा लाखांच्या आत आला आणि खाते ‘कुटुंब कल्याण’ झाले. सवय मात्र सुटलेली नाही. झाशीला तिन्ही बाजूंनी वेढणाऱ्या मध्य प्रदेशात फेब्रुवारी २०२० मध्ये एकही पुरुष न आणणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे फर्मान निघाले होते. ओरड झाल्यावर ते मागे घेतले. पंधरवड्यात कोणी आशाताईला आकडा दिला, तर आपण तिच्या बाजूने उभे राहावे.

राहिली बाटली. मोठच्या माणसाला ‘तीन महिन्यांनी’ म्हणू नका, ‘होळीला आलास की’ म्हणा. दिल्लीहून, सुरतेहून तो होळीला बहुधा गावी येतो. नोव्हेंबरअखेरची शस्त्रक्रिया असेल तर तीन महिने तोवर भरत आलेले असतात. होळी लवकर असेल त्या वर्षी सणानंतरची तारीख द्या. कोकणातल्या चाकरमान्याला शिमगा, ऊसतोडीला गेलेल्याला हंगाम संपल्यानंतरचा पाडवा. कार्डावर सणाचे नाव लिहा आणि तारीखही. नमुना रुग्णालयाच्या संडासात द्यायला लावू नका. निम्मे लोक तिथूनच परत जातात. रुंद तोंडाची स्वच्छ बाटली आधीच घरी द्या. निरोधमध्ये जमा करू नये हे सांगा. तासाभरात पोचला पाहिजे हा नियम वंध्यत्वाच्या तपासणीचा. इथे आधी पाहायचे ते शुक्रजंतू आहेत की नाहीत, त्यामुळे वीस-पंचवीस किलोमीटरवरून मोटारसायकलवर, खिशात ऊब धरून आणलेला नमुना चालतो. एखाददुसरा दिसलाच तर मग ताजा नमुना घेऊन हालचाल पाहावी, आणि तोवर निरोध सोडू देऊ नये. तंत्रज्ञाला आधी सांगून ठेवा, नाहीतर बाटली दिवसभर खिडकीत राहते. रिपोर्ट आशाताईच्या हाती पाठवू नका. नवरा-बायको दोघांना समोर बसवून वाचून दाखवा आणि एक प्रत तिच्याकडे द्या.