दानाचा हंगाम आणि भुकेचा हंगाम

दिवाळीच्या आगेमागे मुंबई-ठाण्याहून निघालेल्या मोटारी जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर येतात. फराळाची पाकिटे, ब्लँकेटे, वापरलेले पण धुऊन इस्त्री केलेले कपडे, मुलांसाठी वह्या-पेन्सिली असा ऐवज त्यांत असतो. देणाऱ्यांच्या सद्भावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि साखरशेतसारख्या गावाच्या वर्षाचे गणित ज्याला ठाऊक आहे, त्याला यातील विसंगती टोचल्याखेरीज राहत नाही. (गावाच्या नावात साखर असली, तरी या डोंगरउतारांवर पिकते ती नाचणी आणि वरईच.) दिवाळीच्या सुमारास पीक हाताशी आलेले असते, घरात थोडेबहुत धान्य असते. कणगीचा तळ दिसतो तो पुढच्या आषाढात. आवणीचे कष्ट, बाहेर कोसळता पाऊस आणि घरात तापाने फणफणलेले मूल अशा त्या श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत भूक सर्वांत तीव्र असते, आणि नेमक्या त्याच वेळी मोटारी येत नाहीत. पावसाळ्यात रस्ते खराब असतात हे कारण सांगितले जाते. दाभोसाचा धबधबा पाहावयास मात्र याच दिवसांत शहरातून गर्दी लोटते!

भुकेला हंगाम असतो, ही गोष्ट सावकाराला पूर्वीपासून चांगली कळलेली होती. पावसाळ्यात खावटीसाठी धान्य द्यावयाचे आणि सुगीत ते वाढीदिढीने वसूल करावयाचे, हा व्यवहार ठाणे-नाशिकच्या डोंगरपट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या चालला. त्याला आवर घालण्यासाठीच १९७०च्या दशकात शासनाला एकाधिकार खरेदी आणि खावटी कर्ज या योजना आणाव्या लागल्या. त्यांची पुढे काय गत झाली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २०२० साली कोरोनाच्या संकटात प्रत्येक कुटुंबास चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर झाले, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपाने; आणि वाटपाला वेग येईतो पुढचे वर्ष उजाडले. सावकार मात्र कधी उशिरा आला नाही.

१९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला. मंत्र्यांचे दौरे झाले, मदतीचा ओघ सुरू झाला. एकात्मिक बालविकास योजना तेव्हा काही नवी नव्हती; ती १९७५ पासूनची. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंनी पुन्हा तोच प्रश्न उभा केला, तोवर पालघर हा स्वतंत्र जिल्हा होऊन दोन वर्षे लोटली होती. म्हणजे योजना होत्या, धान्य होते, दातेही होते. नव्हते ते एवढेच की, पाचव्या पाड्यावरील तिसऱ्या घरातल्या मुलाचे वजन गेल्या महिन्यात घटले, हे वेळीच ओळखून त्याला रुग्णालयात नेणारे माणूस. कुपोषित मूल उपाशीपोटी मरतेच असे नाही. ते बहुधा साध्या जुलाबाने किंवा न्युमोनियाने जाते. त्याला ब्लँकेट वाचवू शकत नाही.

आणि नेमके हे माणूस पोसावयास दाता नाखूष असतो. आपला रुपया गरजूच्या हाती पडावा, संस्थेच्या पगारपत्रकात जिरू नये, अशी त्याची समजूत असते. कायद्यानेही तीच समजूत उचलून धरली आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली आणि मोठ्या संस्थेने अशी देणगी लहान संस्थेकडे सोपवण्यास बंदी झाली. देणगीचा गैरवापर होतो, हे खरेच आहे. परंतु मोखाड्याच्या दरीतील लहान संस्था दिल्लीशी पत्रव्यवहार करणारा हिशेबनीस कोठून आणणार? २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याच्या दोन टक्के सामाजिक खर्चाचे बंधन घातले, पण त्यात अग्रक्रम कारखान्याच्या परिसराला. जिल्ह्यातील कारखाने तारापूर-बोईसरच्या सपाटीवर आहेत. डोंगरात कारखाना नाही, म्हणून रोजगार नाही. आणि कारखाना नाही म्हणूनच या पैशाच्या वाटपातही हा भाग मागे पडतो, असा हा तिढा आहे.

याउलट, जी कामे येथे टिकली ती सावकाशीची आहेत. जव्हारच्या प्रगती प्रतिष्ठानने १९७२ पासून या भागात बस्तान मांडले आणि मूकबधिर मुलांची शाळा चालवली. अशी शाळा म्हणजे वर्षानुवर्षांचा पगारांचा खर्च, त्यात छायाचित्र काढण्याजोगे फारसे काही नसते. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे उभारलेल्या बायफ संस्थेची वाडी योजना १९८२ साली गुजरातेतील वांसद्यात सुरू झाली आणि पुढे जव्हारच्या उतारांवर आली. एकरभर जमिनीत आंबा, काजू, मधल्या जागेत धान्य, बांधावर कुंपणाची झाडे, आणि पुढे मोगऱ्याची लागवड. आंब्याला फळ धरावयास चार-पाच वर्षे लागतात. तोवर कुटुंब दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांकडे जाऊ नये, म्हणून कुणीतरी त्याच्या पाठीशी उभे राहावे लागते. खरा खर्च हाच, आणि तो पावतीवर दाखवता येत नाही.

हक्काची भाषा बोलणाऱ्या संघटना या सर्व दानधर्माकडे संशयाने पाहतात, त्यातही तथ्य आहे. मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला मिळू लागले. आणि वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या याच तालुक्यातील बाया एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत उभ्या राहतात. तेव्हा मुंबईकर येथे येतो तो दाता म्हणून की देणेकरी म्हणून, याचा हिशेब एकदा मांडावयास हरकत नाही.

तो मांडला तर निदान वर्गणीचा विनियोग तरी बदलेल. शहरातील एखाद्या कर्मचारी संघाने वा शिक्षक मंडळाने दिवाळीची फेरी रद्द करून तेवढ्याच रकमेत साखरशेतच्या आसपासच्या चार-पाच पाड्यांसाठी, तेथल्याच एखाद्या मुलीचे जून ते ऑक्टोबरचे वेतन उचलावे. तिच्याजवळ वजनकाटा, तापमापक आणि पावसात भिजणार नाही अशी एक वही असली म्हणजे पुरे. आणि वर्षाअखेर फोटो न मागता तिच्याकडून ती वही तेवढी मागवून घ्यावी.