पत हाही एक बांधच होय

उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, तर पेणच्या खारपट्ट्यातील शेतकरी रात्रीची झोप टाकून ती बुजवावयास धावतो. खारे पाणी एकदा शेतात शिरले म्हणजे पुढची साले भात नीट पिकत नाही, हे तो वाडवडिलांपासून जाणतो. परंतु आपली पत हाही एक बांधच आहे आणि त्यासही खांड पडते, हे आपणांपैकी किती जण जाणतात?

पूर्वी शेतकऱ्याची पत सावकाराच्या वहीत असे, आणि ती वही त्यास कधी दिसत नसे. 1875 साली पुणे व नगर जिल्ह्यांतील रयतेने अशा वह्या व रोखे जाळले, ते ह्याच संतापाने. आज ती वही सिबिल आदिकरून चार पतमाहिती कंपन्यांकडे आहे. त्यांच्यासाठी 2005 साली कायदा झाला. कर्जदारास 300 ते 900 पर्यंत गुण मिळतात. भेद इतकाच की, ही वही आपणांस पाहता येते. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा, असा नियम आहे. वही उघडी असता ती न पाहणे हा दोष मात्र आपला.

“माफी होणारच, मग फेडावे कशास?” असे पुष्कळ बंधू म्हणतात. 2017 व 2019 साली माफी झाली, हे खरे. परंतु तिच्या आशेवर राहणाऱ्याचा हिशेब चुकतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळते व वेळेवर फेडल्यास तीन टक्के सूट मिळून व्याज चार टक्केच पडते. मुदत टळली की ही सूट गेली. भातासारख्या अल्पमुदतीच्या पिकाचे कर्ज दोन हंगाम थकले की खाते अनुत्पादक ठरते. मग पॉवर टिलरसाठी वा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयास गेले असता दार बंद. अतिवृष्टीने पीक बुडाले, तर गप्प न बसता मुदतीपूर्वीच बँकेकडे कर्जाच्या पुनर्गठनासाठी लेखी अर्ज करावा.

रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. खरेदीच्या क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरून समाधान मानू नये. उरलेल्या रकमेवर दरमहा तीन टक्क्यांच्या घरात व्याज चढते. तसेच दुसऱ्यास जामीन राहणे म्हणजे त्याचे कर्ज आपल्याही नावावर नोंदविणे होय. भिडेखातर सही करू नये.

2010 साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले व बनावट कर्जखात्यांचा प्रकार उघडकीस आला, तो पेणकर विसरलेले नाहीत. आपल्या नावावर न घेतलेले कर्ज नाही ना, हे तपासण्यास ह्याहून मोठे कारण कोणते? चूक आढळल्यास बँकेकडे वा कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढे दररोज शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

सबब आमची सूचना अशी की, दरसाल झोडणी आटोपल्यावर संस्थेने एक दिवस ठरवून सभासदांस आपापले अहवाल काढून वाचून दाखवावे. बांधावर फेरी मारणारास खांड लहान असतानाच दिसते.