आडवाटेची मोटार

मोटारीविषयी लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्न वाचकांनी विचारण्यापूर्वी मीच विचारून टाकतो. मजजवळ मोटार नाही. बावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवीत असताना प्रथम सायकल आणि नंतर एस.टी. याच दोन वाहनांवर माझा संसार चालला आहे. तथापि घर्षण, गुरुत्व आणि दंतचक्रे हे विषय मी प्रतिवर्षी फळ्यावर मांडतो. आणि गेल्या जुलैत एका दुपारी हे तिन्ही विषय कणकुंबीच्या चिखलात मला नव्याने शिकावे लागले. त्या दुपारमुळे माझे जे मत बनले, ते विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझा भाचा पुण्यास नोकरीला असतो. त्याने चार-साडेचार मीटर लांबीची, चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी एक आटोपशीर मोटार घेतली आणि पहिल्याच पावसात ती घेऊन तो बेळगावास आला. "मामा, हिला रस्ता लागतच नाही," असे तो म्हणाला. हे वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते, जाहिरातींचे होते, हे मला तेव्हाच ओळखता आले असते. पण नवी मोटार दारात उभी असताना कोणता मामा तर्कशास्त्र काढून बसतो? जांबोटीमार्गे आम्ही कणकुंबीस निघालो. मलप्रभेचा उगम पाहावा, चोर्ल्याच्या माथ्यावरून धुके पाहावे आणि परतावे, असा साधा बेत होता.

येथे एक गोष्ट आरंभीच कबूल करतो. लहान मोटार आडवाटेला कमी पडते, ही समजूत खरी नाही. जपानच्या सुझुकी कंपनीने 1970 साली अवघ्या 359 घन सेंटिमीटरच्या इंजिनावर चालणारी एक इवलीशी चारचाकी काढली. तिच्याच वंशातील जिप्सी आपल्या देशात 1985 साली अवतरली. पहिल्या जिप्सीचे इंजिन 970 घन सेंटिमीटरचे, म्हणजे आजच्या काही मोटारसायकलींहूनही लहान होते. तरीही ती हिमालयात सैनिकांच्या आणि अभयारण्यांत वनरक्षकांच्या उपयोगी पडली. 2018-19 च्या सुमारास तिची नागरी विक्री थांबली आणि 2023 साली पाच दारांची जिम्नी आली. तिची लांबी चार मीटरहून किंचित कमी आणि पोट जमिनीपासून 210 मिलिमीटर उंच. आमच्या गावात एका कंत्राटदाराची जुनी जिप्सी होती. तिच्या पाट्यांवर बसून प्रवास केला की दोन दिवस कंबर बोलत असे. परंतु ती कोठे अडकून पडल्याचे मला आठवत नाही.

याचे कारण दहावीच्या मुलालाही समजेल. चढावर मोटारीला खाली ओढणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात असते आणि चाकांना धरून ठेवणारे घर्षणही वजनाच्याच प्रमाणात असते. म्हणून कठीण दगडी चढावर वजन दोन्ही बाजूंनी खोडले जाते आणि हलकी व जड मोटार एका पायरीवर येतात. मऊ जमिनीवर मात्र हिशेब बदलतो. तेथे प्रश्न दाबाचा असतो. जी जड ती रुतते, आणि रुतलेले चाक प्रत्येक फेऱ्यागणिक स्वतःची विहीर खणीत जाते. हलकी मोटार वरच्या वर निघून जाते. अरुंद असल्याने बैलगाडीच्या वाटेत मावते. आणि अडकलीच तर चार माणसांच्या खांद्याला ऐकते. टायरांतील हवा थोडी कमी केली तर टायर जमिनीवर लांबट पसरतो व दाब आणखी कमी होतो. वाळूत व चिखलात जाणकार लोक हेच करतात, आणि डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरून घेतात.

पण "चारही चाकांना शक्ती" या एका शब्दप्रयोगाखाली दोन निराळ्या जाती विकल्या जातात, हे भाच्याला कोणी सांगितले नव्हते आणि मला विचारण्याचे सुचले नाही. जिप्सी-जिम्नीच्या जातीत पुढचा व मागचा आस चालक स्वतः घट्ट जोडतो आणि शिवाय एक हळू गिअर असतो. तो टाकला म्हणजे वेग सुमारे निम्मा होतो, जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि उतारावर ब्रेकला पाय न लावता इंजिनच मोटारीला आवरून धरते. (अशी जोडणी कोरड्या डांबरावर ठेवू नये, वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत आणि यंत्रणा पिळवटली जाते.) दुसऱ्या जातीत मोटार एरवी पुढच्या दोन चाकांवरच चालते, ती घसरू लागली की मधला एक क्लच आपोआप आवळला जातो आणि मागच्या चाकांना काही शक्ती मिळते. ओल्या घाटरस्त्यावर, पातळ चिखलावर ही रचना उत्तम. पण हळू गिअर तिला बहुधा नसतो आणि चाके फार वेळ गरगरली की तो क्लच तापतो व यंत्र स्वतःच्या रक्षणार्थ हात सोडून देते. भाच्याची मोटार या दुसऱ्या जातीची होती.

कणकुंबीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आम्ही एका पाणंदीत शिरलो. दोनएक फर्लांग सारे सुरळीत झाले. पुढे वाटेत एक मोठे डबके आले. त्याची खोली ठाऊक नव्हती; खाली उतरून काठी घालून पाहण्यास दोन मिनिटे लागली असती. भाच्याने डबके टाळण्यासाठी मोटार डावीकडे, शेताच्या बांधावर चढविली. बांध पावसाने फुगलेला होता. तो खचला. पुढचे डावे चाक चरात गेले, मागचे उजवे चाक अधांतरी उचलले गेले आणि आम्ही तिरपे होऊन थांबलो.

आता येथे तो दंतचक्रांचा धडा. एका आसावरील दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल असते. ही व्यवस्था दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. त्यामुळे एक चाक हवेत वा शेवाळावर असेल तर त्याला फिरविण्यास जेवढा अल्प जोर पुरतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. घट्ट जमिनीवर उभे असलेले चाक स्वस्थ राहते आणि निराधार चाक वेड्यासारखे फिरते. पुढे एक व मागे एक अशी समोरासमोरच्या कोपऱ्यांतील चाके निराधार झाली की चारही चाकांच्या शक्तीचा उपयोग शून्य. नव्या मोटारींत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून शक्ती दुसरीकडे वळविण्याची युक्ती असते. ती आमच्याही मोटारीत होती. परंतु तिला काम करू द्यायचे तर पाय स्थिर ठेवून क्षणभर धीर धरावा लागतो. भाचा घाबरून ॲक्सिलरेटर दाबत व सोडत राहिला. थोड्याच वेळात जळकट वास आला, समोर पिवळा दिवा लागला आणि मागची चाके निपचित झाली.

शेजारच्या खाचरात चिखलणी चालली होती. औत धरलेले गृहस्थ साठीच्या पुढचे असावेत. काही न बोलता त्यांनी बैल सोडून आणले, नाडा आणला, मोटारीच्या पुढच्या आकड्याला बांधला. त्यांची दोन मुले आणि आम्ही दोघे मागून रेटत होतो. मोटार निघाली. बैलांच्या आठही पायांना शक्ती असते आणि मध्ये कोणतेही डिफरन्शियल नसते, हा विनोद मला नंतर सुचला. त्या वेळी सुचला नाही हे बरे झाले. कारण मोटार निघण्यास एकच बाजू मोकळी होती आणि त्या बाजूस त्यांचा तरवा होता. वीतभर वाढलेली ती हिरवीगार रोपे आठ-दहा दिवसांत उपटून लावणीस जायची होती. बांध खचला तेव्हा काही गेली होतीच. मोटार ओढून काढताना चाकांच्या दोन नाल्या तरव्याच्या मधोमध उमटल्या, आणि फुटलेल्या बांधातून पाणी शिरून उरलेल्यातला भाग आडवा झाला.

भाच्याने खिशातून नोटा काढल्या. त्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. "गाडी निघाली, खरं तरवा गेला की," ते म्हणाले. आणि थोडे थांबून, "पैसे पेरून रोपं येतात काय आता? पेरायची वेळ गेली." आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांस उत्तर देता आले असते.

परतीच्या वाटेवर मोटारीत कोणी बोलले नाही.

ही हकीगत शिक्षकांच्या खोलीत सांगितली तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, अशा मोटारी विकण्यासच बंदी घालावी. मला हे मत मान्य नाही. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील रानातल्या काही गावांतून पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावर घालून मैलोगणती न्यावे लागल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही आपण वाचल्या आहेत. तेथे हलकी, अरुंद, हळू गिअरची मोटार आणि ती चालवू जाणणारा माणूस ही चैन नव्हे. माझी तक्रार यंत्राविषयी नाहीच. जेथे तिची गरज आहे तेथे ती नसते, आणि जेथे नसली तरी कोणाचे अडत नाही तेथे ती सुट्टीच्या दिवशी रांगेने येते, ही माझी तक्रार आहे.

"पण सर, ओसाड माळावर नेली तर कोणाचे नुकसान?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. प्रश्न चांगला होता, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात पाहिले तर खरोखरच ओसाड दिसतात. त्यांच्यावर माती काही बोटांची, कित्येक ठिकाणी तीही नाही. पावसाळ्यात याच पातळ थरावर गेंद, सीतेची आसवे, किडे खाणारी दवबिंदू अशा वनस्पती उगवतात, फुलतात आणि चार महिन्यांत बी टाकून मोकळ्या होतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार 2012 साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांसमवेत जागतिक वारशाच्या यादीत गेले, ते यामुळेच. आपल्या चोर्ल्याच्या परिसरातून 2011 साली देवगांडुळाची एक नवी पट्टेरी जाती शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. पाय नसलेला, ओल्या मातीत राहणारा तो बेडकांचा नातलग आहे. मोटारीचे एक चाक अशा जमिनीवरून गेले की नाली पडते, नालीतून पाणी धावते, पाण्याबरोबर ती बोटभर माती जाते. आणि दगडाची झीज होऊन ती पुन्हा तयार होण्यास किती पिढ्या लागतात, हे भूगोलाच्या पुस्तकात पाहावे. गोव्याच्या किनाऱ्यावर मोरजी, गालजीबाग, आगोंद येथे समुद्रकासवे पुळणीत अंडी घालतात. तेथे वरून वाळू रिकामीच दिसते.

नदीचेही तसेच. डिसेंबर 2023 मध्ये हिमाचलातील लाहौल येथे वाहतूक तुंबली म्हणून एका चालकाने आपली मोटार सरळ चंद्रा नदीच्या पात्रातून हाकली. चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी त्याला दंड केला. मोटार पार गेली म्हणून कित्येकांनी त्याचे कौतुकही केले. इंजिनाच्या हवेच्या नळीत पाणी शिरले असते तर काय झाले असते? हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वाकतो. मग मोटार प्रवाहात उभी राहते आणि तिला काढण्यासाठी कोणीतरी दुसरा पाण्यात उतरतो.

ज्या तरुणांना या खेळाची हौस आहे त्यांनी ती जरूर भागवावी. मालकाच्या संमतीने आखलेली खासगी मैदाने आहेत, तेथे शिकविणारेही असतात. पूर्वीपासून चाकोरी पडलेल्या वाटा आहेत. त्या वाळल्यावर तेथे जावे आणि चाकोरी सोडू नये. एकट्या मोटारीने जाऊ नये. ओढण्याचा पट्टा कंपनीने दिलेल्या आकड्यालाच अडकवावा आणि ताणला जात असताना त्याच्या रेषेत कोणी उभे राहू नये. तुटलेला पट्टा माणसाला ठार करू शकतो. अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे हा गुन्हाच आहे, मग मोटार कितीही आटोपशीर असो. आणि डबके आले की खाली उतरून काठी घालून पाहावे. आम्ही नंतर मागे जाऊन पाहिले. त्या डबक्यात पाणी घोट्याएवढे होते आणि तळाशी घट्ट मुरूम होता. सरळ गेलो असतो तर पार पडलो असतो.

पुढच्या रविवारी भाचा पुण्याहून पुन्हा आला, या वेळी एस.टी.ने. जांबोटीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे लावणी आटोपून थोडा तरवा उरला होता. तो जुडग्या बांधून आम्ही टेम्पोत घातला आणि त्या गृहस्थांच्या घरी पोहोचविला. जात निराळी होती आणि दिवसही सरले होते. पीक किती येईल याची त्यांना खात्री नव्हती. तरी त्यांनी तो ठेवून घेतला, आम्हांस चहा दिला आणि भाच्याला विचारले, "गाडी खंय ठेवलास?" भाचा म्हणाला, "पुण्याला आहे, काका. क्लच बदलायला दिलीय." ते प्रथमच हसले.

त्यांचे भात कापणीला आले की कळवा, असे सांगून आम्ही निघालो आहोत.